पेरणी ते कापणी: दीर्घकाळच्या कामाचा आणि मोबदल्याचा विचार करण्यासाठी टॅरोची सात पत्त्यांची मांडणी

गुरुवारची_सुट्टी

नमस्कार. भोसरीतील एका लघुउद्योगात मी गेली १७ वर्षे हिशेब आणि खरेदी सांभाळते. टॅरो, म्हणजे चित्रांचे पत्ते मांडून त्यांचा अर्थ लावणे, हा माझा व्यवसाय नाही आणि मी कोणाचे भविष्यही सांगत नाही. सहा वर्षांपासून, बहुधा गुरुवारी कारखाना बंद असतो तेव्हा, मी स्वतःसाठी पत्ते मांडते, समोर दिसलेले वहीत लिहून ठेवते आणि काही महिन्यांनी ते पुन्हा वाचते. एवढ्या वर्षांच्या कामाकडे एकदा नीट पाहावे, म्हणून या वेळी मी स्वतःच एक मांडणी तयार केली. ती इथे देत आहे, कारण तिच्या दोन घरांचा अर्थ मला लागत नाही.

मांडणीच्या मध्यभागी मी पेंटॅकल्सची, म्हणजे नाण्यांच्या रंगाची, सत्ती मुद्दाम निवडून उताणी ठेवली. रायडर-वेट डेकमधील (पत्त्यांच्या संचातील) हे चित्र पुष्कळांना ठाऊक असेल. एक तरुण शेतकरी अवजाराच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा आहे, झुडपाला नाणी लगडली आहेत आणि तो ती नुसती पाहतो आहे. तो तोडणीही करीत नाही आणि खुरपणीही करीत नाही. हंगामाच्या मध्यावर माणूस बांधावर उभा राहून शेताचा अंदाज घेतो, तसा तो क्षण आहे. मला नेमके तेवढेच करायचे होते.

उरलेले पत्ते पिसून सात घरे मांडली. पहिले घर बियाण्याचे, म्हणजे मी काम कशासाठी धरले. दुसरे मातीचे, म्हणजे ते कशाच्या आधारावर टिकले. तिसरे मेहनतीचे. चौथे तणाचे, म्हणजे शेतात वाढत असूनही जे आपले पीक नाही आणि खत मात्र खाते. पाचवे हाती आलेल्या पिकाचे, सहावे न आलेल्या पिकाचे आणि सातवे पुढच्या हंगामाचे.

पत्ते क्रमाने असे आले: वाँड्सची (काठ्यांची) तिर्री, पेंटॅकल्सचा नाइट (घोडेस्वार), पेंटॅकल्सची अठ्ठी, स्वोर्ड्सची (तलवारींची) दुर्री, वाँड्सची दश्शी, पेंटॅकल्सची छक्की आणि जस्टिस (न्याय). सर्व पत्ते सुलटे होते.

पहिल्या तीन घरांविषयी मला शंका नाही. तिर्रीतला माणूस कड्यावर पाठमोरा उभा राहून समुद्रातली गलबते पाहतो. मी रुजू झाले तेव्हा कारखान्यात बारा माणसे होती, आज चाळीसच्या वर आहेत, आणि हे वाढणार याची मला तेव्हाही खात्री होती. नाइटचा घोडा नांगरलेल्या शेतासमोर निश्चल उभा असतो, अठ्ठीतला कारागीर बाकावर बसून एकेक नाणे कोरीत असतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला, तेव्हाचे ते महिने मी असेच बसून काढले होते. अडचण पाचव्या घरात आहे. ‘हाती आलेले पीक’ या जागी दश्शीतला, काठ्यांच्या ओझ्याखाली वाकलेला माणूस कसा येतो? आणि शेवटचे जस्टिस पाहून मी थोडी घाबरले आहे. मालकांनी दोन वेळा, ‘धंदा वाढला की तुमचा वाटा धरलेलाच आहे,’ असे सांगितले होते. लेखी काही नाही. हा पत्ता कोर्टकचेरी सुचवतो का?

पर्वतीपायथा

मांडणी फार आवडली. विशेषतः तणासाठी वेगळे घर ठेवले, हे मला मोलाचे वाटते, कारण प्रचलित मांडण्यांत ‘अडथळा’ नावाचे एकच घर असते आणि त्यात बाहेरचा शत्रू व स्वतःची सवय यांची सरमिसळ होते.

मी बारा वर्षे लोकांसाठी पत्ते वाचते, त्या अनुभवावर लिहिते. जस्टिस आले म्हणजे खटला, हा अर्थ पत्त्याच्या नावावरून आपण लावतो, चित्रावरून नाही. चित्रात एका हाती उभी तलवार आणि दुसऱ्या हाती तराजू घेतलेली व्यक्ती समोर पाहत बसलेली आहे. आता तुमच्या सहाव्या घरातील छक्की तिच्या शेजारी ठेवून पाहा. तिथेही तराजू आहे. एक सधन व्यापारी एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने नाणी देतो आणि त्याच्या पायाशी दोन माणसे गुडघे टेकून हात पसरून बसली आहेत. या पत्त्याला लोक सरसकट ‘औदार्य’ म्हणतात आणि पुढे जातात. मला मात्र त्यात नेहमी एक प्रश्न दिसतो: तराजू कोणाच्या हातात आहे, आणि मी या चित्रात उभी आहे की बसलेली? न आलेल्या पिकाच्या घरात हा पत्ता आला, तर तुम्ही ज्याची वाट पाहत आहात त्याचे वजन दुसरा कोणीतरी, त्याच्या सोयीने करणार आहे असे मी वाचीन. सातव्या घरात तोच तराजू कोणा एकाच्या खिशातून निघून समोर टांगला जातो. अटी मोकळेपणी समोर मांडणे, एवढाच माझ्या मते जस्टिसचा इथे अर्थ आहे.

दश्शीविषयी थोडे कठोर लिहिते, राग मानू नका. या १७ वर्षांत तुम्हाला बढती मिळाली असेल, विश्वास मिळाला असेल, चाव्या मिळाल्या असतील. त्यातले किती बक्षीस होते आणि किती नवे काम होते, हे वहीत दोन रकाने करून लिहा. आपल्याकडे ‘तुमच्याशिवाय पान हलत नाही’ हे वाक्य मोबदला म्हणून दिले जाते आणि आपण ते मोबदला म्हणून घेतोही.

तणाच्या घरातील दुर्रीवर तुम्ही काहीच लिहिलेले नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून, छातीशी दोन तलवारी आडव्या धरून बसलेली ती बाई कोणाशी लढत नाही. ती फक्त काही पाहायचे टाळते आहे.

सहा_बाय_सात

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि पत्त्यांना भविष्य कळते यावर माझा विश्वास नाही. तरीही या मांडणीची चेष्टा करण्याचा हेतू मुळीच नाही. उलट तिचा उपयोग कुठे संपतो ते स्पष्ट असावे, म्हणून दोन गोष्टी मांडतो.

पहिली शक्यतेची. डेकमध्ये ७८ पत्ते असतात: २२ मेजर, म्हणजे जस्टिससारखे कोणत्याही रंगाचे नसलेले, आणि ५६ मायनर. मायनरचे चार रंग, प्रत्येकी १४ पत्ते. सत्ती आधीच बाजूला काढल्यामुळे पिसलेल्या गड्डीत ७७ पत्ते आणि पेंटॅकल्सचे १३ उरले. त्यातून सात काढले असता पेंटॅकल्सचे तीन किंवा अधिक पत्ते येण्याची शक्यता सुमारे ९ टक्के आहे. म्हणजे ही घटना विरळ असली तरी आश्चर्याची नाही. दर गुरुवारी मांडणी केली, तर वर्षातून चार-पाच वेळा असे होईल. ‘कामाविषयी विचारले आणि कामाचेच पत्ते आले’ याला फार महत्त्व देऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले. ते तुम्हाला किती लागू पडते, असे विचारल्यावर पाचपैकी सरासरी सुमारे ४.३ गुण मिळाले. प्रत्यक्षात सर्वांना शब्दशः एकच वर्णन दिलेले होते. दश्शीचा ओझे वाहणारा माणूस पुण्यातल्या कोणत्या नोकरदाराला लागू पडणार नाही? म्हणून ‘हे मला लागू पडते’ हा या चित्रांच्या खरेपणाचा पुरावा होऊ शकत नाही. माझी सूचना अशी, की प्रत्येक घरासाठी असा प्रश्न लिहावा ज्याचे उत्तर कागदावर तपासता येईल. पाचव्या घरासाठी गेल्या १७ वर्षांची पगाराची वाढ आणि त्याच काळात महागाई किती वाढली याचा आकडा शेजारी ठेवावा. पत्ता प्रश्न विचारील, उत्तर वहीखात्यातून यावे.

देवाचा_कौल

माझे आजोळ कोकणातले. तिथे देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीवर फुले किंवा पाने चिकटवतात आणि उजवे पडले की होकार समजतात. त्या पद्धतीत प्रश्न ‘करू की नको’ असाच असावा लागतो. इथे सात घरे असल्यामुळे प्रश्न फोडावा लागतो, हा फरक मला प्रथमच जाणवला. धन्यवाद.

शाईपेन

ज्या चित्रांवरून आपण मोबदल्याची चर्चा करीत आहोत, त्या चित्रांच्या मोबदल्याविषयी थोडे लिहितो, कारण मला ते या धाग्याच्या अगदी गाभ्याशी वाटते.

हा डेक १९०९ मध्ये लंडनच्या रायडर या प्रकाशकाने काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. टॅरो मुळात पंधराव्या शतकातील उत्तर इटलीचा पत्त्यांचा खेळ. बहुतेक जुन्या डेकमध्ये मायनर पत्त्यांवर आपल्या नेहमीच्या पत्त्यांप्रमाणे केवळ चिन्हे मोजून काढलेली असत. सत्तीवर सात नाणी, एवढेच. हनुवटी टेकलेला शेतकरी, बाकावरचा कारागीर, तराजू धरलेला व्यापारी, हे प्रसंग स्मिथ यांनी प्रत्येक पत्त्यावर रेखाटले, तेही काही महिन्यांच्या अवधीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कचे छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले, की फार मोठे काम फारच थोड्या पैशांत नुकतेच पूर्ण केले आहे. पुढे हा डेक जगात सर्वाधिक ओळखीचा झाला, परंतु त्याच्या नावात प्रकाशक आले, वेट आले आणि चित्रकर्ती अनेक दशके गाळली गेली. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधील ब्यूड या गावी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर कर्ज होते. अलीकडे ‘रायडर-वेट-स्मिथ’ असे म्हणण्याची पद्धत रूढ झाली आहे, ती आपणही पाळावी अशी माझी विनंती आहे.

छक्कीतला तराजू काढताना त्यांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. मात्र चित्राच्या कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरे गुंफलेली लहानशी खूण असते, ती जरूर शोधा. काम आपले आहे एवढे तरी त्यांनी पत्त्यांवर लिहून ठेवले आहे.

नोंदपत्र

मी निवृत्त संस्कृत शिक्षक आहे, टॅरोची माहिती मला नाही. धागा वाचताना सहाव्या घरापाशी थांबलो. पेरणाऱ्यानेच कापणी करावी, हे त्या घरात गृहीत धरलेले आहे. या शहरात राहणाऱ्याला ते गृहीत धरणे कठीण वाटते. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. त्या कामाला शास्त्रीय शिस्त देणारे विष्णू सीताराम सुकथनकर १९४३ मध्येच गेले. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृत महाकोशाचा प्रकल्प हाती घेतला. त्याचा पहिला भाग छापून यायला १९७६ साल उजाडले आणि पुढचे काम आजही चालू आहे. ती नोंदपत्रांची कपाटे मी एकदा पाहिली आहेत. ज्यांच्या हातची अक्षरे त्या कपाटांत आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी आपला कोश पुरा झालेला पाहिला नाही, आणि तरी नोंदपत्र लिहिताना कोणी हात आखडता घेतला नाही. फळाकडे पाहून काम केले की कामातले सुख निघून जाते, असे मला मनापासून वाटते. ताईंनी सहावे घर मांडणीतून काढूनच टाकले तर?

गुरुवारची_सुट्टी

सर, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्या कपाटांसमोर उभे राहिल्यावर मलाही हेच वाटले असते. परंतु मला इथे नम्रपणे असहमती नोंदवायची आहे. महाकोशाचे पीक सर्वांचे आहे. तिथे नोंदपत्र लिहिणाऱ्याचा कष्ट कोणा एकाच्या घरी जात नाही. मी ज्या कारखान्यात काम करते त्याचे पीक दरवर्षी निघते, त्याची वाटणी होते आणि ताळेबंद मीच तयार करीत असल्यामुळे ती कशी होते हे मला रुपयापर्यंत ठाऊक आहे. अशा ठिकाणी फळाची आशा सोडणे म्हणजे आपले फळ दुसऱ्याच्या टोपलीत टाकणे होईल. त्यामुळे सहावे घर मी ठेवणार आहे.

पर्वतीपायथा, तुम्ही दुर्रीविषयी लिहिलेत आणि मी त्या रात्री वही उघडली. मागची टिपणे चाळली, तेव्हा कळले की ‘वाटा’ हा शब्द सहा वर्षांत अकरा वेळा आला आहे. प्रत्येक वेळी वाक्याचा कर्ता मालक आहेत: ते देतील, ते विसरले असतील, त्यांच्या मनात असेल. ‘मी विचारले’ असे एकदाही लिहिलेले नाही, कारण मी विचारलेच नव्हते. सतरा वर्षे मी गाऱ्हाणे जपले आणि त्याला संयम म्हणत राहिले. तणाची व्याख्या मीच वर लिहिली होती, ती मलाच लागू पडली.

पासबुक

मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात होते. तुमच्या चर्चेत ‘न आलेले पीक’ म्हणून जे धरले आहे, त्यातले काही शेतात उभेच आहे, एवढे सांगण्यासाठी लिहिते.

भविष्य निर्वाह निधीत तुमच्या वेतनातून १२ टक्के जातात आणि मालकाकडूनही १२ टक्के भरले जातात. मालकाच्या हिश्शातील ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाच्या खात्यात वळतात, परंतु त्यासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये धरलेली असल्याने ती रक्कम महिन्याला १,२५० रुपयांच्या वर सहसा जात नाही. दुसरे पीक ग्रॅच्युइटीचे. ती पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांच्या शेवटच्या वेतनाइतकी असते आणि महिना २६ दिवसांचा धरून मोजतात. ग्रॅच्युइटीसाठी धरले जाणारे वेतन दरमहा २६,००० रुपये असेल, तर वर्षाचे १५,००० आणि १७ वर्षांचे २,५५,००० रुपये होतात. नोकरी सोडताना मिळणारी ही रक्कम कोणाच्या मर्जीवर नाही. हिशेब सांभाळणाऱ्या व्यक्तीला मी हे सांगावे असे नाही, पण दुसऱ्यांची ग्रॅच्युइटी बिनचूक काढून देणारी आणि स्वतःची कधीच न मोजलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

म्हणून सहाव्या घराचे दोन भाग करावेत असे सुचवते. एका भागात कायद्याने ठरलेले, दुसऱ्यात तोंडी कबूल केलेले. तिसरी गोष्ट, जी कोणी कबूलच केलेली नाही आणि आपण मनात धरून बसलो, ती कुठे ठेवावी हे तुम्हीच ठरवा.

सहा_बाय_सात

ती तिसरी गोष्ट चौथ्या घरात जाईल, असे मला वाटते.

गुरुवारची_सुट्टी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. बुधवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सुट्टी असल्यामुळे कारखाना लवकर रिकामा झाला, तेव्हा मालकांशी बोलले. सोबत एक कागद नेला होता: १७ वर्षांतील वेतनवाढ, त्या काळात वाढलेली कामे आणि त्यांनी वाट्याविषयी दिलेल्या दोन आश्वासनांचे प्रसंग. त्यांना पहिले आश्वासन आठवत होते, दुसरे आठवत नव्हते. भागीदारी देता येणार नाही, आता मुलगा व्यवसायात आला आहे, असे त्यांनी सरळ सांगितले. ऐकताना वाईट वाटले, कारण ‘धरलेला आहे’ हा शब्द माझ्या मनात इतकी वर्षे पेरलेला होता. मात्र एप्रिलपासूनची वेतनवाढ आणि वार्षिक नफ्यावर आधारित ठरावीक रक्कम ते लेखी द्यायला तयार झाले. पत्राचा मसुदा मीच करावा असे म्हणाले, तो मी केला आणि सही झाली. खरेदीचा पाठपुरावा आता दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिला आहे. दश्शीतल्या दहा काठ्यांपैकी दोन तरी खाली ठेवल्या.

भागीदारीच्या नकारावर मी अजून काही ठरवलेले नाही. त्यासाठी दिवाळीनंतर, वर्षाचे आकडे हाती आल्यावर, पुन्हा मांडणी करीन. पासबुक यांनी सुचवल्याप्रमाणे सहाव्या घराची ६अ आणि ६आ अशी दोन घरे केली आहेत आणि त्यांचे प्रश्न आधीच वहीत लिहून ठेवले आहेत. ६अ: पत्रात लिहिलेली रक्कम ठरलेल्या तारखेला जमा झाली का? ६आ: जे लिहिलेले नाही, ते मी कोणाला आणि कधी विचारणार आहे?

शाईपेन, ती खूण सापडली. सत्तीवर नाव गुंफलेले आहे. एवढी वर्षे तो पत्ता हाताळूनही मी ते पाहिलेले नव्हते.

पर्वतीपायथा

दिवाळीनंतरच्या मांडणीत मध्यभागी पुन्हा सत्तीच ठेवणार का?

गुरुवारची_सुट्टी

नाही. या वेळी अठ्ठी ठेवीन. बांधावर उभे राहून पाहणे झाले, आता पुन्हा बाकावर बसायचे आहे. बसण्याच्या अटी मात्र कागदावर आहेत, आणि तो कागद वहीत, सत्तीच्या पानाशेजारी चिकटवला आहे.